दिवाळीत आठ दिवस नाही ओढली म्हणजे सवय नाही? तपासायचं कसं ते सांगतो

दिवाळीला घरी गेलो, आठ दिवस एकही सिगारेट ओढली नाही, म्हणजे आपल्याला सवय नाही. हा हिशोब होस्टेलवर राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी मांडलेला असतो, मी तर इंजिनिअरिंगची चारही वर्षं मांडला. त्या हिशोबात एक गोष्ट मी कधीच धरली नाही. परत येताना स्वारगेटला एसटीतून उतरलो की बॅग खांद्यावर, आईने दिलेला चिवडा-लाडवाचा डबा हातात, आणि रिक्षा शोधायच्या आधी मी टपरी शोधायचो. आठ दिवस आठवणच आली नाही असं सगळ्यांना सांगायचो, मग उतरल्या उतरल्या एवढी घाई कसली होती?

म्हणून हे लिहितोय. रोज पाकीट संपवणाऱ्याला आपण अडकलोय हे माहीत असतं, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. ट्रिपला दोनदा ओढून बघितली आणि विसरून गेला त्यालाही याची गरज नाही. प्रश्न मधल्यांचा आहे. मी फक्त पार्टीत, मी फक्त सबमिशनच्या वेळी, मी विकत घेत नाही कुणी दिली तर दोन पफ, चहा असेल तरच. यातले काही जण खरंच कधीतरीचे असतात आणि काही जण केव्हाच अडकलेले असतात, आणि टपरीवर उभे असताना दोघं अगदी सारखे दिसतात, नुसतं दुसऱ्यांना नाही तर स्वतःलाही कळत नाही आपण यातले कुठले. कळायला साधारण तीन आठवडे लागतात. एक आठवडा लिहायचं, दोन आठवडे थांबायचं.

आधी आकडा बाजूला ठेव

दिवसाला किती ओढतोस हा प्रश्न सगळे विचारतात आणि स्टुडंटच्या बाबतीत तोच सगळ्यात जास्त फसवतो. निकोटिनचं अवलंबित्व मोजायची एक प्रसिद्ध चाचणी आहे, स्वीडनच्या कार्ल फागरस्ट्रॉम यांच्या नावाची, १९९१ मध्ये ती सुधारून आताच्या रूपात आली, सहा प्रश्न आणि १० पैकी मार्क. त्यात दिवसाला १० किंवा त्याहून कमी ओढत असशील तर त्या प्रश्नाला शून्य. आता कॉलेजच्या पोराच्या खिशाला परवडतात किती, वर रेक्टर, लेक्चर, प्रॅक्टिकल, क्लास, तो ओढून ओढून तीन-चार ओढणार. चाचणी देणार, शून्य किंवा एक मार्क पडणार, आणि खूश होऊन परत टपरीवर. चाचणीचा यात दोष नाही, ती रोज भरपूर ओढणाऱ्या मोठ्या माणसांना डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे.

पण तिच्यातला एक प्रश्न आपल्यालाही तंतोतंत लागू पडतो, उठल्यावर पहिली किती वेळात. ५ मिनिटांच्या आत असेल तर ३ मार्क, अर्ध्या तासाच्या आत २, तासाभरात १. झोपेत रात्रभर निकोटिन उतरत जातं आणि सकाळी शरीर ते मागायला लागतं. त्यामुळे दिवसाला दोनच ओढतोस पण त्यातली एक अंघोळीच्या आधीची असेल तर ते "दोनच" फार भरवशाचं नाही.

उलटंही असतं. अमेरिकेत सॉल शिफमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी अशा लोकांचा अभ्यास केलाय जे दिवसाला पाचेक सिगारेटी ओढतात, वर्षानुवर्षं ओढतात, आणि तरी थांबवल्या तर त्यांना फारसं काही होत नाही. असे लोक खरंच आहेत. पण थोडे आहेत, आणि आपण त्या थोड्यांपैकीच आहोत असं टपरीवरच्या दहापैकी दहा जणांना वाटत असतं, मलाही वाटायचं.

पोरापोरींसाठी जास्त उपयोगाची यादी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले डॉ. जोसेफ डिफ्रान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. दहा प्रश्न, हो किंवा नाही, आणि किती ओढतोस हे त्यात विचारतच नाहीत. माझ्या भाषेत सांगतो. सोडायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही असं कधी झालंय का. आत्ता ओढतोयस ते सोडणं जड जातंय म्हणून का. आपल्याला व्यसन लागलंय असं कधी मनातल्या मनात तरी वाटलंय का. जोरात तलफ येते का. आत्ता एक पाहिजेच अशी वेळ आलीये का. जिथे ओढायला बंदी आहे तिथे स्वतःला आवरणं कठीण जातं का. आणि मग शेवटचे चार प्रश्न, बऱ्याच वेळात मिळाली नाही तर लक्ष लागत नाही असं होतं का, चिडचिड होते का, ओढायची तीव्र इच्छा होते का, अस्वस्थ किंवा घाबरल्यासारखं होतं का.

यातल्या एकाचंही उत्तर हो आलं तरी ताबा थोडासा का होईना तुझ्या हातातून गेलाय, असा त्याचा अर्थ लावतात. एकाला सुद्धा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते फारच कडक वाटलं होतं. पण याच डिफ्रान्झांच्या अभ्यासात, जो २००० मध्ये छापून आला, असं दिसलं की शाळकरी वयाच्या काही मुलांना रोजची सिगारेट सुरू व्हायच्या आधीच तलफ आणि चिडचिड सुरू झालेली होती, काहींना तर अधूनमधून ओढायला लागल्यापासून काही आठवड्यांतच. म्हणजे आधी रोजची होते आणि मग व्यसन लागतं हा जो आपल्या डोक्यात क्रम असतो तो प्रत्येकाच्या बाबतीत खरा नाही, बऱ्याच जणांचं आधी आतून अडकतं आणि आकडा नंतर वाढतो.

आत काय चालतं, थोडक्यात

धूर आत घेतल्यावर १०-२० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं. साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. सारखं मिळत राहिलं की मेंदू निकोटिन पकडणाऱ्या जागा वाढवून ठेवतो, आणि त्या रिकाम्या राहिल्या की बेचैनी सुरू होते. सिगारेट ओढल्यावर जे हायसं वाटतं ना, रोज ओढणाऱ्यासाठी त्यातलं बरंचसं म्हणजे मागच्या सिगारेटने लावलेली बेचैनी या सिगारेटने घालवणं असतं. "टेन्शन कमी होतं" आणि "अभ्यासात लक्ष लागतं" या दोन्हींचं असंच आहे. निकोटिन उतरल्यामुळे लक्ष उडतं, एक ओढली की परत जागेवर येतं, आणि आपल्याला वाटतं सिगारेटमुळे पेपर चांगला गेला. रूमवर न ओढणारा पोरगा तसाच शांत बसून तेच चार युनिट संपवत असतो.

मधल्या लोकांनी यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, ती म्हणजे अंतर. डिफ्रान्झांचं म्हणणं असं आहे की सुरुवातीला एक सिगारेट पोराला आठवडे पुरते, मग तलफ परत यायला काही दिवस लागतात, मग एक दिवस, मग काही तास. हे अंतर हळूहळू कमी होत जातं आणि इतकं सावकाश होतं की ओढणाऱ्याला जाणवत नाही. फर्स्ट इयरला गॅदरिंगला, सेकंड इयरला दर सबमिशनला, थर्ड इयरला दर शनिवारी, आणि मग एक दिवस बुधवारी दुपारी लेक्चर बंक करून, एकटाच. तुझं मागच्या वर्षीचं अंतर आणि आत्ताचं अंतर, ही तुलना आत्ता बसल्या बसल्या करता येईल, वही वगैरे नंतर.

पहिला आठवडा: फक्त लिहायचं

वही घे किंवा फोनमध्ये एक नोट उघड आणि सात दिवस प्रत्येक सिगारेट लिही. या आठवड्यात कमी करायचा प्रयत्न करू नकोस, कारण मग जे खरं चाललंय ते दिसणारच नाही. ओढायच्या आधी लिहायचं, नंतर लिहितो म्हटलं की अर्ध्या राहून जातात. वेळ, जागा, सोबत कोण, विषय कुणी काढला, पैसे कुणी दिले, त्याआधी मूड कसा होता आणि मागची कधी ओढली होती. अर्धवट ओढलेली आणि दुसऱ्याच्या हातातले दोन पफ पण लिहायचे, ते मोजायचेच राहतात.

मोजायचं राहण्याचं मोठं कारण म्हणजे सुटी सिगारेट. महाराष्ट्रात सुटी सिगारेट-बिडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला तर २००३ च्या कायद्यानेच बंदी आहे, पण कुठल्याही कॉलेजच्या गेटबाहेर उभं राहून बघ. सुटी घेतली की संपलेलं पाकीट दिसत नाही, त्यामुळे महिन्यात किती झाल्या याचा अंदाजच राहत नाही. शिवाय पाकिटावर तो धोक्याचा फोटो असतो आणि सोडायला मदत करणारा नंबर छापलेला असतो, तो सुटी घेणाऱ्याच्या नजरेला पडतच नाही.

सात दिवसांनी नोट वाचताना एकूण बेरीज सगळ्यात शेवटी बघ. आधी हे बघ की एकट्याने ओढलेल्या किती. "सोशल" म्हणतोस ना, मग एकट्याची एकही नसायला पाहिजे. रात्री पावणेबाराला टेरेसवर, पेपर वाईट गेल्यावर पार्किंगमध्ये, घरून फोन आल्यानंतर, अशा दिसायला लागल्या तर सोशलचा भाग संपलेला आहे. मग हे बघ की विषय कुणी काढला. चार जण उभे असताना "चल ना खाली" हे दर वेळी तूच म्हणत असशील तर ग्रुपमुळे तू ओढतोयस असं नाही, ओढायला मिळावी म्हणून तू ग्रुप गोळा करतोयस. माझ्या वहीत हे दिसलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, कारण माझी पक्की समजूत होती की मला मित्र ओढून नेतात.

आणखी काही खुणा आहेत ज्या वहीत येत नाहीत पण तुला माहीत असतात. खिशात लायटर असतो का. रात्रीसाठी एक बाजूला ठेवतोस का. पिक्चरला जायच्या आधी, लांबच्या बसमध्ये बसायच्या आधी एक ओढून घेतोस का, "नंतर मिळणार नाही" म्हणून? ही आधीच सोय करून ठेवणं फार मोठी खूण आहे, कधीतरीच्या माणसाला असलं सुचत नाही, त्याला मिळाली तर मिळाली. सर्दी-खोकल्याने घसा बसलेला असताना पण ओढतोस का. महिनाअखेरीला मेसचे पैसे बाकी असताना सिगारेटचे निघतात का. मैत्रिणीशी, बॉयफ्रेंडशी, घरच्यांशी आकडा कमी करून सांगतोस का. पोरींसाठी हे शेवटचं जास्त बघण्यासारखं आहे, कारण पोरगी ओढते म्हटल्यावर लोक जे बोलतात त्या भीतीने सगळंच लपवलं जातं, आणि लपवता लपवता ती एकटीच ओढायला लागते, मग ग्रुपमधल्या कुणाला ते वाढलेलं दिसत पण नाही.

नंतरचे दोन आठवडे: शून्य

आता खरी परीक्षा. सलग चौदा दिवस काहीच नाही, दोन पफ नाही, हुक्का नाही, व्हेप नाही, तंबाखू नाही. तारखा नीट निवड. सेमिस्टर परीक्षा किंवा ओरल्सच्या आठवड्यात सुरू करू नको, पण एकदम निवांत, घरी बसून असलेले दिवस पण घेऊ नको. दिवाळीची सुट्टी त्यासाठीच चालत नाही. घरी टपरी नाही, ग्रुप नाही, तो चहा नाही, रात्रीचं जागणं नाही, म्हणजे तलफ जागवणाऱ्या सगळ्या गोष्टी गायब, वर आईसमोर ओढायची सोय नाही. घरी आठ दिवस निघाले यावरून फक्त एवढंच कळतं की घरी निघतात. हे चौदा दिवस तुझ्या नेहमीच्या जागी काढायचे, आणि त्यात निदान एक बर्थडे, एक ट्रिप किंवा एक रात्रीचं सबमिशन आलं पाहिजे.

काय होईल ते आधी सांगून ठेवतो म्हणजे घाबरायला होणार नाही. ज्याला शारीरिक सवय लागलीये त्याला काही तासांत ते एका दिवसात जाणवायला लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं, भूक वाढणं, झोप मोडणं, उदास वाटणं, उगाच काळजी वाटणं. यातलं बरंचसं आपण दुसऱ्या कशाच्या तरी नावावर टाकतो. मेसचं जेवण वाईट, रूममेट डोक्यात जातो, झोप झाली नाही. म्हणून रोज रात्री चार शब्द लिही, आज कुणावर खेकसलो, अभ्यास किती झाला, किती वेळा आठवण आली. आणि रूममेटला पण विचार, त्याला तुझ्यापेक्षा आधी कळतं. मला तिसऱ्या दिवशी रूममेटने विचारलं होतं, "तुला काय झालंय, मी काही बोललो का?" आणि मी तेव्हा म्हणत होतो की मला काहीच होत नाहीये.

चौदा दिवसांनंतर साधारण तीन प्रकार दिसतात. एक, काहीच झालं नाही, पार्टीत दोन मिनिटं हात रिकामे वाटले आणि मग विसरून गेलो, असं असेल तर तू आत्ता तरी खरंच कधीतरीचा आहेस. दोन, एरवी ठीक होतं पण ठराविक जागी जोरात आठवण आली, चहाचा ग्लास हातात आला की, दारू प्यायला बसलं की, पेपर देऊन बाहेर आलं की. ही सवय जागेला आणि वेळेला चिकटलीये, शरीराला अजून तितकी नाही, आणि नेमकी इथे असताना सुटायला सोपी जाते. तीन, चौदा दिवस निघालेच नाहीत, किंवा निघाले पण दात-ओठ खाऊन, किंवा पाचव्या दिवशी "प्रयोगच आहे ना, काय फरक पडतो" म्हणून सोडून दिलं. हे सोडून देणं तिसऱ्यातच धरायचं. आपल्याला पाहिजे तेव्हा थांबता येतं म्हणणाऱ्याला चौदा दिवस थांबायचं नाहीये, याचा दुसरा अर्थ मला तरी लावता येत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातल्यांनी काय करायचं

पहिल्यांना वाटेल चला, सर्टिफिकेट मिळालं. तसं नाहीये. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात दिसलं की दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जास्तीचा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. एक म्हणजे विसावा भाग असा सरळ हिशोब हृदय करत नाही. आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात असं निघालं की एकदा तरी सिगारेट ओढून बघणाऱ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक पुढे निदान काही काळ तरी रोज ओढणारे झाले. ते सर्व्हे ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचे होते, आपल्याकडचे आकडे वेगळे येतील, पण घसरण कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

म्हणून ज्याला काहीच त्रास झाला नाही त्याने तिथेच बंद करावी, आत्ता फुकटात सुटतेय. नाहीच करायची तर निदान आपल्या घसरायच्या जागा माहीत पाहिजेत. घर सोडून पहिल्यांदा शहरात आल्यावर, ब्रेकअप झाल्यावर, विषय राहून केटी लागल्यावर, नाइट शिफ्टची पहिली नोकरी लागल्यावर. आणि सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमधे स्पर्धा परीक्षेला बसलेली पोरं बघितलीत का, दिवसाचे बारा तास खुर्ची, दर दोन तासांनी चहाचा ब्रेक, जाहिरात निघत नाही, निकाल लागत नाही, वय वाढत चाललंय. तिथे कधीतरीची सिगारेट प्रत्येक चहाला कधी चिकटली हे कुणालाच सांगता येत नाही. माझा एक जवळचा मित्र तिथेच अडकला, कॉलेजात तो आमच्यातला सगळ्यात कमी ओढणारा होता.

दुसऱ्या प्रकारातल्यांनी जागा मोडायची. चहा सोडू नको, टपरी बदल, जिथे सिगारेट मिळत नाही अशी. उभं राहून प्यायचास तर बसून पी. ज्या ब्रेकला ओढायचास त्या ब्रेकला आधी पाणी, मग मेसेज, मग चहा. पेपर सुटल्यावर गेटमधून बाहेर न जाता दहा मिनिटं कँटीनमध्ये बस, ती तलफ बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत उतरते. दारूचं वेगळं आहे, दोन पेग झाले की ठरवलेलं सगळं विसरतं, त्यामुळे पहिला महिना दारूची बैठक टाळलेली बरी, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि नाही म्हणायला एक वाक्य आधीच ठरवून ठेव, लहान आणि कंटाळवाणं. "नको, बंद आहे." बास. कारणं दिलीस की वाद सुरू होतो, फुप्फुसं, कॅन्सर, माझे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते, आणि वादात तू हरतोस. "बंद आहे" म्हटल्यावर लोक उपवासाला जसं सोडून देतात तसं सोडून देतात. "सोडलीये" म्हणू नको सुरुवातीला, ते ऐकलं की एखादा तरी मुद्दाम पुढे करतो.

तिसऱ्या प्रकारातल्यांनी

लाजायचं काही नाही आणि मनोधैर्य कमी आहे वगैरे पण काही नाही, वर सांगितलं तसा मेंदूत फरक पडलेला असतो आणि विशीच्या आत तो लवकर पडतो. फक्त आता एकट्याने जिद्दीवर करू नको, मदत घे. सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, सिगारेट असो की तंबाखू दोन्हीसाठी. ती २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, नंतर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र झालं, त्यामुळे मराठीत बोलायची सोय आहे. तिथे सोडायची तारीख ठरवून देतात आणि नंतर परत फोन करून विचारतात. मला वाटायचं फोनवर काय होणार, पण कुणीतरी परवा विचारणार आहे हे माहीत असलं की आजची संध्याकाळ निघते.

निकोटिनची च्युइंगगम आणि पट्टी केमिस्टकडे मिळते. गम २ मिलिग्रॅमची सहज मिळते, ४ ची डॉक्टरांना विचारूनच. पण ही बबलगमसारखी चावायची नसते आणि इथेच बहुतेक जण चुकतात. हळूहळू चावायची, तिखटसर झिणझिणी आली की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायची, झिणझिणी गेली की परत थोडी चावायची, असं अर्धा तास. भराभर चावलीस तर रस पोटात जातो, उचकी आणि मळमळ होते आणि मग पोरं म्हणतात गमचा उपयोग नाही. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी-कोल्ड्रिंक नको, नाहीतर निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही. आणि पहिल्या प्रकारातल्या माणसाने ही उगाच खाऊ नये, ज्याला निकोटिनची सवय नाही त्याने ती गममधून लावून घेण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर बाहेर टाकतं. सिगारेट बंद झाली की तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफिन जास्त वेळ अंगात राहतं, छातीत धडधड, झोप नाही, हात थरथर, आणि हे सगळं सिगारेट सोडल्याचा त्रास म्हणून धरलं जातं. रोजची भरपूर ओढत असशील तर पहिले दोन-तीन आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आण, दुपारनंतर घेऊच नको. माझी झोप याने परत आली.

उदासपणा फार खोल जायला लागला, जगण्यात काही अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर सिगारेटचा विषय थोडा बाजूला ठेवून १४४१६ ला फोन कर, ती सरकारची टेली-मानस लाइन आहे, चोवीस तास चालू असते.

सिगारेट नाही ओढत पण...

महाराष्ट्रात खरं तर सिगारेटपेक्षा हाच विषय मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्व्हेत आपल्याकडे धूम्रपान करणारे मोठे लोक ३.८ टक्के होते आणि तंबाखू तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडची पोरं खर्रा खातात, सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून, आणि तो चौघांत वाटून खायचा असतो म्हणून तो पण "सोशल"च. इकडे मावा, चुना-तंबाखूचा बार, गुटखा २०१२ पासून बंद आहे तरी पानमसाला आणि तंबाखूच्या वेगळ्या पुड्या जोडून मिळतात. चुन्यामुळे निकोटिन तोंडातून जास्त शोषलं जातं, आणि धुरासारखं झटकन न चढता हळू चढून जास्त वेळ टिकतं, त्यामुळे तलफेचे झटके कमी जाणवतात आणि माणूस म्हणतो मला तर काही होत नाही. यांच्यासाठी वही वेगळी लिहायची, किती वेळा खाल्ला यासोबत किती वेळ तोंडात ठेवला ते पण. तोंडात ठेवून झोपतोस का, हा त्यातला सकाळच्या पहिल्या सिगारेटइतका महत्त्वाचा प्रश्न.

आणि आज आरशासमोर एक कर, तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये जातात का बघ. जात नसतील, किंवा तिखट लागलं की तोंडात आग होत असेल, तर या आठवड्यातच डेंटिस्टकडे जा. सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते, विशीतल्या पोरांना होतं, एकदा झालेलं पूर्ण मागे जात नाही आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. यात नुसती सुपारी पण येते, तंबाखू नसली तरी.

व्हेप २०१९ पासून भारतात विकायलाच बंदी आहे, तरी होस्टेलवर मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा घोळ असा की सिगारेट निदान संपते, ती विझवावी लागते, व्हेपला शेवट नाही आणि वास नाही, त्यामुळे बेडवर पडल्या पडल्या, बाथरूममध्ये, लेक्चरच्या मधे, कितीदा ते कुणी मोजत नाही. व्हेपवाल्यांनी हातात उचललं की वहीत एक रेघ मारायची, पफ मोजू नको. हुक्क्याबद्दल एवढंच, एका तासाच्या बैठकीत एका सिगारेटच्या शंभर-दोनशे पट धूर आत जातो आणि पाण्यातून आल्याने तो साफ होत नाही.

मित्राचं असं दिसत असेल तर

लेक्चर देऊ नको. "तू अडकलायस" म्हटलं की तो तिथल्या तिथे आकडा सांगून तुला गप्प करतो. त्याऐवजी हा चौदा दिवसांचा प्रयोग दोघांनी मिळून करू म्हण, तू ओढत नसलास तरी तू साखर सोड किंवा रील्स सोड, सोबत असेल तर तो तयार होतो. त्याने पैसे मागितले तर जेवणाला दे, सिगारेटला देऊ नको. पण चहाला हाक मारणं बंद करू नको. माझ्या ग्रुपने मला टपरीवर बोलवायचंच बंद केलं होतं, चांगल्या मनाने केलं होतं, आणि त्या दिवसांत सिगारेटपेक्षा त्यांची आठवण जास्त आली.

मधेच एक ओढली गेली तर प्रयोग मोडला असं समजून उरलेल्या दिवसांत मोकाट सुटू नकोस. लिही, वेळ, जागा, कोण, तू मागितलीस की कुणी पुढे केली, आणि ओढल्यावर कसं वाटलं, आणि पुढचा दिवस पुढचाच धर, परत एकपासून मोजू नको. माझी नवव्या दिवशी गेली, नगरला मित्राच्या बहिणीच्या हळदीला, मांडवाच्या मागे जनरेटरजवळ, कुणी दिली नव्हती, मी मागितली होती. तसंच लिहिलं. डोकं गरगरलं, अर्धी टाकून दिली, ते पण लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत तारीख टाकून दहा लिहिलं.